चार नसलेली मैदानं आणि एक असलेलं

पिट्सबर्गमध्ये बेसबॉल नीट बघायचा तर पाच मैदानं बघावी लागतात, आणि त्यांतली चार आता जागेवर नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालेल्या जोडप्याला याची कल्पना नव्हती. त्यांचा बेत सरळ होता. सप्टेंबर २०२३ मधला लेबर डेचा जोडसुट्टीचा वीकएंड, पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिलला राहणारी बायकोची सख्खी मावशी, आणि सोमवारी दुपारी पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रूअर्स असा सामना. तिकिटं मावशीनंच काढून ठेवली होती. सोबत एक अटही घातली होती: मॅच सोमवारी, पण शनिवार-रविवार ती नेईल तिथे मुकाट्यानं यायचं.

अट ऐकून जावईबापू जरा बिचकले. साताऱ्यात टेनिस बॉलवर क्रिकेट खेळून मोठा झालेला माणूस. अमेरिकेत एवढी वर्षं काढूनही बेसबॉल हा त्याला वाट बघण्याचा खेळ वाटत आलेला. तिला खेळाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिला मावशीकडे जायचं होतं, आणि मावशीकडे जायचं म्हणजे बेसबॉल आलाच, हे तिला लहानपणीच्या फोनवरच्या गप्पांपासून माहीत होतं.

सप्टेंबरचा पहिला सोमवार अमेरिकेत कामगारांच्या नावानं सुट्टीचा. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला संप देशभर पेटलेला असताना, जून १८९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी या सुट्टीच्या कायद्यावर सही केली. एका हातानं संप मोडायला सैन्य पाठवायचं आणि दुसऱ्या हातानं कामगारांना सुट्टी द्यायची, असा तो मामला. आज बहुतेक अमेरिकेत हा दिवस म्हणजे गाद्यांचा सेल, अंगणातलं बार्बेक्यू आणि उन्हाळ्याचा निरोप. पिट्सबर्गला मात्र अजून युनियनवाल्यांची मोठी मिरवणूक निघते. पोलादाच्या गावानं निदान तेवढं राखलं आहे.

एडिसन ते मन्रोव्हिल अंतर साधारण साडेतीनशे मैल. शुक्रवारी दुपारीच निघालं तर रात्रीच्या जेवणाला पोचता येतं, कारण सुट्टीची गर्दी बरीचशी समुद्राकडे पळत असते आणि हा रस्ता डोंगराकडे जातो. हॅरिसबर्ग मागे टाकून कार्लाइलला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक धरायचा. कार्लाइल ते अर्विन हा १६० मैलांचा पट्टा १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झाला. सिग्नल नाहीत, चौक नाहीत, मध्ये गाव नाही, असा इतका लांब रस्ता तेव्हा अमेरिकेत दुसरा नव्हता. वाटेत ब्लू माउंटन, किटाटिनी, टस्करोरा आणि अलेगेनी असे चार बोगदे लागतात. त्यांतल्या काहींचं खोदकाम रस्त्याच्या कितीतरी आधीचं. १८८० च्या दशकात व्हँडरबिल्ट आणि कार्नेगी यांच्या पैशावर एक रेल्वे बांधायला घेतली गेली, धनिकांच्या आपसांतल्या तडजोडीत ती अर्धवट सोडली गेली, आणि डोंगरात भोकं तेवढी उरली.

कार्लाइलशी बेसबॉलचा एक धागा आहे, आणि तो सुखाचा नाही. मूळ अमेरिकन जमातींची मुलं आईबापांपासून तोडून इथल्या सरकारी निवासी शाळेत आणली जात. भाषा, केस, नाव, सगळं बदललं जाई. ओजिब्वे जमातीचा चार्ल्स बेंडर याच शाळेतला. पुढे तो फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा मोठा पिचर झाला आणि १९५३ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. प्रेक्षक त्याला आयुष्यभर ‘चीफ’ म्हणून चिडवत राहिले.

मन्रोव्हिलच्या घरी पोचल्यावर मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, पहिला प्रश्न विचारला तो रस्त्याचा. दुसरा बोगद्यांचा. काका निवृत्त इंजिनियर. वेस्टिंगहाउससारख्या कंपन्यांमुळे साठ-सत्तरच्या दशकांत पिट्सबर्गच्या पूर्वेकडच्या उपनगरांत जी भारतीय कुटुंबं आली, त्यांतलं हे एक. जवळच पेन हिल्सच्या टेकडीवर श्रीवेंकटेश्वराचं मंदिर आहे. १९७७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी ते एक. इतर गावांहून लोक गाड्या भरभरून तिथे येत, आणि त्यांतले ओळखीचे, अर्ध्या ओळखीचे मावशीकडे जेवायला असत. ते दिवस सांगताना मावशी पोळ्यांचे आकडे सांगते, आणि ते दर वेळी वाढतात.

तिला बेसबॉल कळला तो १९७९ च्या उन्हाळ्यात, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. त्या वर्षी पायरेट्स जिंकत सुटले होते. विली स्टार्जेल हा त्यांचा थोराड कप्तान चांगलं खेळणाऱ्याच्या टोपीवर लावायला सोनेरी तारे वाटायचा. सिस्टर स्लेज या गायिकांचं ‘वुई आर फॅमिली’ हे गाणं संघानं आपलं करून टाकलं होतं. वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरविरुद्ध १-३ असं मागे पडून त्यांनी उरलेले तिन्ही सामने जिंकले. रेडिओवर खेळ ऐकायला पिट्सबर्गइतकं योग्य गाव नाही: मोठ्या लीगचा सामना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवला गेला तो इथूनच, ५ ऑगस्ट १९२१ रोजी, केडीकेए केंद्रावरून. शेजारच्या पोलिश आजीबाईंनी मावशीला स्कोअरबुक लिहायला शिकवलं, आणि तेव्हापासून ती वही सुटलेली नाही.

१९७९ नंतर पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं तर ते प्रत्येक हंगामात जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब पडझड दुसऱ्या कुठल्या संघाची नाही.

“मग तुम्ही बघता कशाला, मावशी?” जावयानं विचारलं.

“हरतात म्हणून सोडायचं? मग तुमच्या काकांना कधीच सोडायला हवं होतं. ब्रिजमध्ये चाळीस वर्षं हरतायत.”

शनिवारी सकाळी ओकलंड. हा पिट्सबर्गचा विद्यापीठाचा भाग. स्क्विरल हिल बोगद्याच्या तोंडाशी गाड्या नेहमीप्रमाणे कारण नसताना हळू झाल्या, आणि काकांनी त्याची इंजिनियरी कारणं सांगितली. पिट्सबर्ग विद्यापीठाची ‘कथीड्रल ऑफ लर्निंग’ ही ४२ मजली गॉथिक इमारत दुरूनच दिसते. तिच्यात वेगवेगळ्या देशांच्या धाटणीच्या वर्गखोल्या आहेत. भारताची खोली नालंदा विद्यापीठावर बेतलेली. पाहुण्यांना ती बघायची होती. मावशीनं त्यांना पंधरा मिनिटं दिली.

तिचं ठिकाण दोन गल्ल्या पलीकडे होतं: विटांची एक भिंत, वेलींनी मढलेली, पुढे झाडं आणि फूटपाथ. भिंतीवर ४५७ आणि ४३६ असे आकडे. होम प्लेटपासून कुंपण किती फुटांवर आहे, ते सांगणारे. फोर्ब्स फील्डचं एवढंच उरलं आहे. मालक बार्नी ड्रायफस यांनी १९०९ मध्ये पोलाद आणि काँक्रीटमध्ये बांधलेलं हे मैदान इतकं ऐसपैस होतं, की सरावाचा जाळीचा पिंजरा खुशाल मैदानातच एका कोपऱ्यात ठेवलेला असे आणि खेळ चालू राही. बेब रूथनं आपल्या कारकिर्दीतले शेवटचे तीन होम रन २५ मे १९३५ रोजी इथेच, एकाच दुपारी मारले. शेवटचा, ७१४ वा, उजवीकडच्या स्टँडच्या छपरावरून बाहेर गेला. त्याआधी तसा कुणी मारला नव्हता.

पण पिट्सबर्ग या भिंतीपाशी येतं ते रूथसाठी नाही. १९६० ची वर्ल्ड सिरीज. न्यू यॉर्क यँकीजनी जिंकलेले सामने १६-३, १०-० आणि १२-० असे. पायरेट्सनी जिंकलेले सगळे निसटते. सातही सामन्यांच्या धावांची बेरीज केली तर यँकीज ५५, पायरेट्स २७. तरी सिरीज ३-३ अशी बरोबरीत येऊन ठेपली, आणि १३ ऑक्टोबरला सातवा सामना नवव्या इनिंगमध्ये ९-९ वर. पायरेट्सचा बॅटर बिल मॅझरॉस्की. त्याची ख्याती सेकंड बेसवरच्या हातचलाखीसाठी, फटक्यांसाठी नव्हे. राल्फ टेरीचा दुसरा चेंडू त्यानं डाव्या कुंपणावरून भिरकावला. डावीकडे उभा असलेला योगी बेरा काही पावलं मागे गेला, वर बघितलं आणि वळला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या फटक्यावरच्या होम रननं सुटल्याचं हे आजवरचं एकमेव उदाहरण.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट मावशी शेवटी सांगते. गायक-नट बिंग क्रॉस्बी हे पायरेट्सच्या मालकांपैकी एक. आपण सामना बघितला तर संघ हरेल या भीतीनं ते पॅरिसला जाऊन बसले, पण नंतर बघता यावा म्हणून दूरदर्शनच्या पडद्यावरून चित्रीकरण करून घेतलं. ती रिळं कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या घरी, वाइनच्या थंड कोठडीत पडून राहिली आणि २००९ मध्ये सापडली. पूर्ण सामन्याची ज्ञात असलेली प्रत तेवढीच.

१९७० मध्ये फोर्ब्स फील्ड बंद झालं, मग पाडलं गेलं आणि जागेवर विद्यापीठाच्या इमारती आल्या. भिंतीपासून थोडं चालत गेलं की पॉस्वार हॉल लागतो. तळमजल्यावर, येण्याजाण्याच्या वाटेतच, जमिनीत काचेखाली फोर्ब्स फील्डची होम प्लेट बसवलेली आहे. पोरं मोबाइल बघत तिच्यावरून चालत जातात. दर १३ ऑक्टोबरला मात्र भिंतीपाशी माणसं जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. १९८५ साली एक गाववाला टेपरेकॉर्डर घेऊन एकटाच येऊन बसला, तिथून ही प्रथा पडली. होम रन बरोबर त्याच वेळी, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी व्हावा अशा बेतानं टेप लावतात. निकाल ठाऊक असलेला सामना दर वर्षी ऐकायला येणारी ही मंडळी वेडी म्हणायची, तर दर वर्षी रामजन्माचं कीर्तन ऐकणाऱ्यांना काय म्हणायचं?

रविवारचा दिवस जास्त जड होता. सकाळी हिल डिस्ट्रिक्ट. नाटककार ऑगस्ट विल्सन यांची ही वस्ती. त्यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकाचा नायक हा ऐन उमेदीत गोऱ्यांच्या लीगची दारं बंद असल्यामुळे वाया गेलेला बेसबॉलपटू, आणि तो कल्पनेतून उतरलेला असला तरी त्याचे सख्खे भाऊ या रस्त्यांवर भरपूर होते. १९३२ मध्ये गस ग्रीनली यांनी इथे स्वतःच्या पैशानं मैदान बांधलं. हा पैसा बराचसा आकड्यांच्या जुगारातला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्युडी जॉन्सन आणि जॉश गिब्सन खेळले. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. मैदान जेमतेम सहा वर्षं टिकलं. १९३८ मध्ये ते पाडून तिथे सरकारी घरं उभी राहिली.

गिब्सनला लोक ‘काळा बेब रूथ’ म्हणत. काही जण उलट रूथलाच ‘गोरा जॉश गिब्सन’ म्हणत. जानेवारी १९४७ मध्ये तो पस्तिसाव्या वर्षी वारला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि वर्णभेदाची भिंत फुटली. गिब्सनचं थडगं लॉरेन्सव्हिलच्या अलेगेनी दफनभूमीत आहे. १९७५ पर्यंत त्यावर नावाचा दगडही नव्हता. या सहलीनंतर काही महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, मेजर लीगनं निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची, आकडेवारी आपल्या दप्तरात सामील केली. गिब्सनची कारकिर्दीतली बॅटिंगची सरासरी .३७२ निघाली. टाय कॉबची .३६७. गोऱ्यांनी जवळपास शंभर वर्षं पहिल्या जागी ठेवलेलं नाव एका दुपारी खाली आलं.

दुपारी होमस्टेड. मनोंगहेला नदीच्या काठी कार्नेगीचा अवाढव्य पोलाद कारखाना होता तिथे आता मॉल, सिनेमागृह आणि गाड्या लावायची पटांगणं आहेत. जुन्या धुराड्यांची एक रांग तेवढी ठेवली आहे. तिच्या खालून माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात. ६ जुलै १८९२ च्या पहाटे, संप फोडण्यासाठी कारखान्याचा कारभारी हेन्री फ्रिक यानं बोलावलेले तीनशे पिंकर्टन पहारेकरी तराफ्यांतून याच काठाला लागले आणि दिवसभर गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसं मेली. युनियन मोडली ती पुढची चार दशकं. लेबर डेच्या आदल्या दिवशी इथे सेलचे फलक बघणं, याला योगायोग म्हणावं की आणखी काही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

याच कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांच्या हौशी संघातून होमस्टेड ग्रेज हा नामांकित संघ वाढला. गिब्सनची सर्वांत भरातली वर्षं त्याच्याकडेच गेली. नदीवरच्या उंच पुलाला २००२ मध्ये होमस्टेड ग्रेज ब्रिज हे नाव मिळालं. काका पुलाखाली थांबून लोखंडी बांधणी समजावत होते. पिट्सबर्गमध्ये ४४६ पूल आहेत असं गाव अभिमानानं सांगतं. सगळे बघायचे झाले तर आणखी एक लेबर डे लागेल, असं भाचीनं सुचवलं. काकांनी ते मनावर घेतलं.

संध्याकाळी ड्यूकेन इन्क्लाइन. १८७७ पासून चालणारा हा तिरका पाळणा माउंट वॉशिंग्टनच्या उभ्या कड्यावर चढतो. साठच्या दशकात तो बंद पडला तेव्हा वरच्या वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून चालू केला. वरून अलेगेनी आणि मनोंगहेला एकत्र येऊन ओहायो होताना दिसतात, आणि पलीकडच्या काठावर उरलेली दोन नसलेली मैदानं.

एक्स्पोझिशन पार्क हे सर्वांत जुनं. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज बॉस्टननं पायरेट्सकडून ५-३ अशी जिंकली, तिचे चार सामने इथे झाले. पायरेट्सच्या डीकन फिलिपीनं त्या सिरीजमध्ये पाच सामने एकट्यानं पूर्ण टाकले. आजच्या पिचरला हे सांगितलं तर तो वकील बोलावेल. नदीला पूर आला की मैदानात पाणी शिरायचं. १९०२ च्या ४ जुलैला तर पाण्यात पडलेला फटका एकच बेस धरायचा असा नियम करून दोन सामने उरकले. त्याच्या शेजारी १९७० मध्ये थ्री रिव्हर्स स्टेडियम आलं, काँक्रीटचं गोल भांडं, दिसायला अगदी बेचव. फेब्रुवारी २००१ मध्ये सुरुंग लावून ते पाडलं तेव्हा फार थोडे हळहळले. मावशी हळहळली. तिचं १९७९ तिथलं.

आणि त्या कुरूप भांड्यात जे घडलं ते देखण्या मैदानांना जमलं नव्हतं. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगमध्ये हे पहिल्यांदाच. प्रशिक्षक डॅनी मर्टा यांनी विशेष काही केल्याचा आव आणला नाही. गावातली वर्तमानपत्रं संपामुळे बंद होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी छापूनही फारसं आलं नाही. संघ त्या साली वर्ल्ड सिरीज जिंकला.

सोमवारी ऊन मी म्हणत होतं. डाउनटाउनमध्ये सकाळच्या मिरवणुकीत पोलादवाले, वीजवाले, शिक्षक, परिचारिका आपापले शर्ट घालून चालत होते, आणि कडेच्या खुर्च्यांत बसलेले म्हातारे युनियनच्या क्रमांकावरून ओळखी काढत होते. तिथून मैदान नदीपलीकडे. एरवी सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल गाड्यांना बंद करून माणसांना मोकळा करतात, पण तेव्हा त्याची डागडुजी चालू होती. म्हणून शेजारच्या अँडी वॉरहॉल पुलावरून जावं लागलं. फरक काहीच पडत नाही: हे दोन आणि तिसरा रेचेल कार्सन पूल अशा या तीन पिवळ्याधमक बहिणी हुबेहूब सारख्या आहेत.

पीएनसी पार्क २००१ चं. आत शिरल्यावर जावयाची कुरकुर थांबली, हे नोंदवायला हवं. दोनच मजले, सर्वांत वरची खुर्चीही मैदानापासून ८८ फुटांवर, समोर नदी, पूल आणि त्यामागे डाउनटाउनचे मनोरे. इतकं सुंदर बेसबॉल मैदान अमेरिकेत दुसरं नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते फार चुकत नसावेत. दाराबाहेर चार पुतळे: होनस वॅग्नर, क्लेमेंते, स्टार्जेल, मॅझरॉस्की. गिब्सन आणि इतर निग्रो लीग खेळाडूंचे पुतळेही इथे २००६ पासून होते. २०१५ मध्ये ते हलवले. मावशी दर वेळी ती रिकामी जागा पाहुण्यांना दाखवते.

उजवीकडची भिंत २१ फूट उंच, कारण क्लेमेंतेचा क्रमांक २१. पोर्तो रिकोचा हा खेळाडू. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यानं हंगामातला शेवटचा आणि कारकिर्दीतला ३,००० वा हिट मारला. तीन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, मनाग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. मृतदेह सापडला नाही. हॉल ऑफ फेमसाठीची पाच वर्षांची अट त्याच्यासाठी शिथिल केली गेली.

बाहेरचं खाणं आत न्यायला इथे मुभा आहे. त्यामुळे दशम्या, लसणाची चटणी आणि लोणचं सोबत होतं. मावशीनं वही उघडली. बेसबॉलच्या स्कोअरबुकची पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटची वार्तांकनं करणारा पत्रकार होता, हे ऐकून जावई जरा सरसावून बसला. प्रत्येक जागेला क्रमांक: पिचर १, कॅचर २, असं ९ पर्यंत. ६-४-३ असं लिहिलं की चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला, आणि दोन जण आउट. तिसरा स्ट्राइक बॅट फिरवून गेला तर ‘के’. बघत उभं राहून गेला तर ‘के’ उलटा. दोन इनिंगनंतर वही त्याच्या मांडीवर होती, आणि वाट बघण्याच्या खेळात पिचरनं मागचा चेंडू कुठे टाकला, आता कुठे टाकेल, यावर तो मावशीशी वाद घालत होता.

वाट बघणंही त्या वर्षीपासून मोजूनमापून झालं होतं. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं: त्या वर्षीच्या नियमानं बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी बेसवर असेल तर २० सेकंदांत. आदल्या वर्षी सरासरी सामना तीन तासांच्या वर चालत होता. तो दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. काका खूश. मावशीला ते घड्याळ अजिबात पसंत नव्हतं. सेकंद उलटे मोजत बसायला आपण काय रॉकेट सोडतोय का, असं तिचं म्हणणं.

मध्येच पिरोगींची शर्यत झाली. पिरोगी म्हणजे पोलंड-युक्रेनकडून आलेल्या खाणकामगारांनी आणि पोलादकामगारांनी सोबत आणलेल्या बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या. त्यांचे भलेमोठे मुखवटे घातलेली माणसं कुंपणालगत धावतात आणि हजारो प्रौढ लोक आपापल्या करंजीच्या नावानं ओरडतात. दशमी खाता खाता काकाही ओरडले.

पायरेट्सचा भारतीय धागा जावयाला ठाऊक होता, सिनेमामुळे. २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना याच संघानं करारबद्ध केलं होतं. दोघंही खालच्या लीगमध्येच राहिले. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला.

त्या दुपारी सगळ्या मैदानाचं लक्ष मात्र अँड्र्यू मकचनवर होतं. २००५ मध्ये पायरेट्सनं निवडलेला, २००९ मध्ये इथेच पहिला सामना खेळलेला, २०१३ मध्ये वीस वर्षांची साडेसाती संपली तेव्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा गावाचा लाडका. २०१८ च्या सुरुवातीला संघानं त्याला अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकला. २०२३ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो परत आला. जूनमध्ये २,००० वा हिट इथेच मारला. आता होम रन होते २९९. तो बॅट घेऊन आला की माणसं खाणं खाली ठेवून उठत, मोबाइल वर धरत. त्यानं दोन बेसचा फटका मारला आणि धावताना काहीतरी बिनसलं. नंतर तो मैदानावर दिसला नाही. मावशीनं वहीत फटका लिहिला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी, एडिसनला परतलेल्या भाचीच्या फोनवर बातमी आली: डाव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध अर्धवट फाटला, हंगाम संपला. २९९ हा आकडा सात महिने तसाच राहिला. ३०० वा होम रन त्यानं १४ एप्रिल २०२४ रोजी मारला तो पिट्सबर्गमध्ये नाही, फिलाडेल्फियात, म्हणजे एडिसनपासून दीड तासाच्या अंतरावर. रविवार होता. रात्री मावशीचा फोन आला.

“गेला होतात ना बघायला?”

दोघं त्या दिवशी गाद्यांच्या दुकानात गेले होते. तसं सांगितल्यावर पलीकडून जे ऐकायला मिळालं, त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की या लेबर डेला तिकिटं तिच्या पैशानं निघणार नाहीत.